रुळांना लावलेलं खोबरेल

आमच्या अख्ख्या जुन्नर तालुक्यात रेल्वेचा एक फूटभर रूळ नाही. शेजारच्या आंबेगावातही नाही. तरीही याच मुलखात रेल्वेच्या रुळांना खोबरेल तेल चोपडणारी एक बाई होऊन गेली, आणि ती बाई म्हणजे मी. "होऊन गेली" असं मुद्दाम म्हणते, कारण ती विशीतली सून आता कुठं शिल्लक नाही... आणि बरंच आहे. तिला स्वतःच्या शहाणपणाची इतकी खात्री होती की आज ती माझी नातसून म्हणून उंबरठ्यावर आली असती, तर माप ओलांडायच्या आधीच मी तिला परत तिच्या माहेरच्या, अवसरीच्या गाडीत बसवलं असतं.

ते रूळ माझ्या धाकट्या दिरांचे, मारुतीभावजींचे. पिंपरी पेंढारला त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या जळक्या मोटारी त्यांच्याकडे यायच्या आणि नवी तार गुंडाळून घेऊन परत पाण्यात जायच्या. पण दुकान हा पोटाचा उद्योग. त्यांचा जीव होता घरामागच्या खोलीत, फळ्यांवर मांडलेल्या रेल्वेत. भावजी जाऊन आता दीडेक महिना झाला. ते गेले त्या दुपारी मी ओट्यावर शेंगा निवडत होते. माझी धाकटी जाऊ शालन मधल्या दारात येऊन उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "बाई, गाडी लई येळ झाला थांबलीय."

मी सूप खाली ठेवलं... आणि मला कळलं.

हे वाचणाऱ्याला कळायचं नाही, म्हणून सांगते. भावजींची गाडी एका खटक्यावर चालायची. तो खटका अंगठ्यानं दाबून धरला तरच रुळात वीज जायची. अंगठा सुटला की गाडी जागच्या जागी उभी. खऱ्या इंजिनातही अशीच सोय असते, असं ते आल्यागेल्याला सांगत. ड्रायव्हरला भोवळ आली, काही झालं, तरी मागच्या लोकांचा जीव जाता कामा नये. "चालवनारा गेला तरी गाडीनं कुनाला मारू न्हाई. ज्या मशिनीत येवढी अक्कल घातली न्हाई, ती मशिन माज्या उपेगाची न्हाई," हे त्यांचं ठाम मत. मतं त्यांची सगळीच ठाम. त्या दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले, हातात खटका होता, आणि त्यांच्या गाडीनं त्यांचंच म्हणणं खरं करून दाखवलं.

रेल्वे नसलेल्या गावच्या माणसाला हा नाद लागला कुठून? मेंढरांमागून. आमच्या सासऱ्यांची मेंढरं होती. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरं-माणसांचा अख्खा तळ, हलायचा, माळशेज उतरून कल्याणच्या अंगाला जायचा. भावजी तेव्हा लहान. तिकडे एका फाटकाशी कळप अडवला होता आणि समोरून मालगाडी गेली. भावजी सांगायचे, "वहिनी, मला वाटलं, लोखंडाची मेंढरं चाललीत. येक म्होरं, बाकीची मागं, आन् राखनदार शेवटाला." गार्डाच्या डब्यातल्या माणसानं त्यांना हात केला होता म्हणे. त्या हाताचं देणं या माणसानं पुढची साठ वर्षं फेडलं.

मी लग्न होऊन आले ती अवसरी बुद्रुकहून, अकरावी झालेली, आणि शाळेच्या सहलीत एकदा पुण्याहून लोणावळ्यापर्यंत आगगाडीत बसलेली. म्हणजे घरात रेल्वेतली जाणकार मीच! पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांना सांगून टाकलं की इंजिनात मोठं चक्र असतं आणि ड्रायव्हर वळण आलं की ते फिरवतो. भावजींनी ऐकून घेतलं. मग वहीच्या पुठ्ठ्याचे दोन निमुळते कप केले, तोंडाला तोंड लावून चिकटवले आणि दोन काठ्यांच्या उतारावरून सोडले. कप डावीकडे झुकले, आपोआप मध्ये आले, उजवीकडे झुकले, परत मध्ये आले. मग दुसरी जोडी, बुडाला बूड लावलेली. ती दोन वितींत खाली पडली. "रेल्वेचं चाक असं निमुळतं असतंय. पोटाकडं जाड, भायेर बारीक. ते सोताच वाट धरतंय. चक्र लागतंय ते यष्टीला." सासरे मिशीत हसले. मी मात्र तोंड वर करून म्हटलं, "लोणावळ्याच्या गाडीला होतं बाई चक्र. मी पाहिलंय." खोटं. धडधडीत खोटं. सहलीत मी अख्खा वेळ चिवडा खात होते.

त्या खोलीत पूर्वी लोकर ठेवायचे. तिथं भावजींनी हळूहळू दोन्ही तालुके उभे केले. इकडे मंचर, मग नारायणगाव, पिंपरी पेंढार, आणि तिकडच्या भिंतीला आणे घाट. डोंगर सासऱ्यांच्या जुन्या घोंगड्यांचे. घोंगडीला चिंचोक्याची खळ देऊन ती कडक करायची विद्या आमच्या घरात होतीच. तीच ओली घोंगडी उशांवर टाकून वाळवली की हुबेहूब डोंगर, अंगावरच्या काळ्या-तपकिरी रेघांसकट. डब्यांत काड्यापेटीच्या काड्यांचे टोमॅटोचे क्रेट. नारायणगावच्या बाजूला उसाचा फड आणि त्यातून डोकावणारा मातीचा बिबट्या, कारण "बिबट्याबिगर जुन्नर म्हंजे मिठाबिगर कालवन." इंजिनातली मोटार त्यांनी स्वतः गुंडाळलेली, केसाएवढ्या तारेची. माझ्या माहेरालाही स्टेशन मिळालं, पण फलाट बोटभर. मी विचारलं, एवढाच? तर म्हणाले, "अवसरीला गाडी थांबायची न्हाई वहिनी. निस्ती हळू व्हईल. ज्याला उतरायचंय त्यानं उडी मारायची."

आता तेलाची गोष्ट. पाडव्याला गाडी पहिल्यांदा आणे घाट चढणार होती आणि सासऱ्यांना ती बघायची होती. आदल्या दिवशी मी ऐकलं, गाडी वळणावर कुरकुरत होती. मी विचार केला... म्हणजे तेव्हा मी ज्याला विचार म्हणत असे ते केलं. शिवणयंत्र कुरकुरलं की तेल, बिजागरी कुरकुरली की तेल, मग रुळाला कुणी वाली नाही का? पाडव्याच्या सकाळी सगळे गुढीच्या गडबडीत असताना मी खोलीत शिरले आणि मंचरपासून आण्यापर्यंत सगळा रूळ खोबरेलानं चकाचक केला. बोटभर जागा सोडली नाही. वर मनाशी म्हटलं, विचारतील तेव्हा सांगू, आपण होतो म्हणून!

घर जमलं, भावकी जमली, सासरे पाटावर बसले. भावजींनी खटका दाबला. इंजिन थरथरलं, चाकं गरगर फिरली आणि गाडी तिथल्या तिथं. मध्येच ठिणगी, मध्येच काहीच नाही. सासरे म्हणाले, "मेंढरू पाय झाडतंय, पन चढंना." भावजींनी रुळावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं, आणि मग सावकाश वळून माझ्या वेणीकडे पाहिलं. त्या घरात खोबरेलाचा एवढा मारा करणारं डोकं एकच होतं.

मला वाटलं आता कडाडणार. पण ते मटकन खाली बसून हसायला लागले. "वहिनी, चाक न् रूळ नखायेवढ्या जागंत येकमेकाला धरून असत्यात. तेवढ्या जागंवर सगळी गाडी वडायची. तुमी तीच बुळबुळीत केली. वीज बी तितनंच चढती. वंगन आसाला, रुळाला कोरडं फडकं!" पुढचे दोन-तीन दिवस आम्ही दोघं रॉकेलची चिंधी आणि सुती धोतर घेऊन रूळ पुसत बसलो होतो. माझं रेल्वेचं सगळं शिक्षण त्या शिक्षेत झालं.

पुसता पुसता ते बोलायचे. डिझेलचं इंजिन शिदोरी पाठीवर घेऊन निघतं, म्हणून आधी शिदोरीच ओढत बसतं. विजेचं इंजिन वाटेवर जेवतं, म्हणून अंगानं हलकं. घाट सरळ चढायचा नसतो, मेंढरासारखा आडवा-आडवा चढायचा. पुढे नव्या गाड्या आल्या, डब्याडब्याखाली मोटारी असलेल्या, तेव्हा तर त्यांना कोण आनंद! "बगा, म्या म्हनलं नव्हतं? म्होरक्यानं कळप वडायचा नसतोय. परत्येकानं आपापल्या पायानं चालायचं." वेगाचं कौतुक करणाऱ्याला ते विचारायचे, थांबते किती अंतरात ते सांगा, मग वेग सांगा. आमच्याकडे रेल्वे येणार, येणार, अशा बातम्या यायच्या. लोक वैतागायचे, भावजी नाही. "कवा बी येऊ दे. आपली येळेवर चालू हाय."

शालन मात्र त्या खोलीत कधी पाऊल टाकायची नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा आणि रेल्वेचा अबोला. म्हणून भावजींनी रेल्वेच तिच्याकडे नेली. खोली आणि स्वयंपाकघर यांच्यातल्या भिंतीत एक झरोका होता. त्यातून त्यांनी रूळ काढला, शेगडीशेजारच्या फळीवरून वळवून परत आत घेतला. दुपारी झरोक्यातून इंजिन आलं की शालन चहा ठेवायची. हाक नाही, हूं नाही. आमच्या डोळ्यांदेखत इतकी वर्षं ती दोघं असंच बोलली.

भावजी गेले त्या दुपारी गाडी थांबली ती नेमकी शेगडीशेजारी. शालननं ती हलवली नाही. तिच्याभोवतीनं डबे उचलायची, ठेवायची. चहाची मात्र पार घडी विस्कटली. कधी उन्हात बारालाच ठेवायची, कधी दिवेलागण झाली तरी आठवण नाही. एकदा मला म्हणाली, "बाई, च्याची येळच कळंना झालीय."

गेल्या पंधरवड्यात संदीप आला, त्यांचा मुलगा. पुण्यात नोकरी, पोरगा गुणी. आईचे गुडघे धरलेत, तिला परसात जावं लागू नये म्हणून मागच्या खोलीत पलंग आणि संडास-बाथरूम करायचं त्यानं ठरवलं. त्यात वाईट काय? पण फळ्या काढाव्या लागणार. काढायच्या आधी एकदा दादांची, म्हणजे वडिलांची, गाडी चालवावी म्हणून त्यानं खटका दाबला. काहीच झालं नाही. परत दाबला. इंजिन एकदा कण्हलं आणि गप्प.

"गाडी गेली, मोठी आई," तो मला म्हणाला. "ट्रान्सफॉर्मर जळला असंल. दादाच न्हाईत तर आता दुरुस्त कोन करनार? बंद पडलेली गाडी ठिवून आईला रोज बगायला लावायची का? उद्या मानसं बोलावतो."

शालन दारात उभी होती. तिनं "बरं" म्हटलं. पण तिची नजर शेगडीकडे होती, आणि मला दिसलं की ही बाई जन्मात तोंड उघडून सांगणार नाही. उघडायचं तर ते तोंड माझं, आणि माझ्या तोंडाबद्दल घरात कधी कुणाची तक्रार नव्हती.

"संदीप, बोट फिरव त्या रुळावर," मी म्हटलं.

त्यानं फिरवलं.

"वास घे."

"...फोडणीचा येतोय."

"येणारच. महिना झाला, त्या झरोक्यातून फोडणीची वाफ आत येतीय आणि रुळावर बसतीय. तुझा बाप रोज पुसायचा. ट्रान्सफॉर्मर बिट्रान्सफॉर्मर काही जळलं नाही. रुळाला तेल लागल्यावर गाडी कशी वागते हे या जगात माझ्याइतकं कुणालाही ठाऊक नाही. मला संध्याकाळपर्यंत वेळ दे."

रॉकेल आता औषधालाही मिळत नाही. शालनच्या इन्सुलिनच्या डब्यातली स्पिरिटची बाटली घेतली आणि भावजींचं एक जुनं धोतर फाडलं. कंबर म्हणाली, बाई, तू ऐंशीला टेकलीस. मी म्हटलं, गप बस. मंचरपासून सुरुवात केली. अवसरीला, माहेर म्हणून, दोनदा पुसलं. नारायणगावला बिबट्यावरची धूळ झटकली. आणे घाटात घोंगडीचा डोंगर हाताला लागला आणि त्याला अजून मेंढरांचा वास होता... तिथं जरा वेळ थांबले. डोंगर उंच होता, दुसरं काही नाही. शेवटी झरोक्यातून हात घालून शेगडीजवळचं वळण पुसलं. चाकंही पुसली. मग संदीपला म्हटलं, दाब.

त्यानं अंगठा ठेवला. चाकं फिरली नाहीत... आणि मग फिरली. स्वयंपाकघरातून इंजिन निघालं, झरोक्यातून खोलीत आलं, आमच्यासमोरून मंचर, अवसरीला नुसतं हळू झालं, नारायणगाव, पिंपरी पेंढार, घाट आडवा-आडवा चढून आणे, आणि उतरून परत झरोक्यातून आत. संदीपनं अंगठा उचलला नाही. त्याच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायला दुसरा हात मोकळा होता, तरी पुसलं नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "बाथरूम पडवीत बी व्हईल की, मोठी आई. म्या येडा हाय का?" मी म्हटलं, "आहेस. पण सुधारशील. मी सुधारले."

आता बाथरूम पडवीत होतंय, विटा आल्यात. खोली आहे तशीच आहे. त्या संध्याकाळी गाडी फेऱ्या मारत होती आणि मी धोतराची चिंधी पिळत बसले होते, स्वतःवर भलतीच खूश, अगदी पाडव्याच्या सकाळी होते तशी. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आधणाचा आवाज आला. मग शालन आली. दाराशी थांबली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा उंबरा ओलांडून त्या खोलीत आली. माझ्या हातातली चिंधी तिनं काढून घेतली, नाकाशी नेऊन हुंगली आणि म्हणाली, "च्या ठेवलाय. आन् बाई, उद्यापास्नं रूळ मी पुसनार. तुमचा काय भरवसा न्हाई, तेल लावाल."