शेपटी कुठं जाते

बाबांच्या डोक्यावरचे केस गेले आणि त्यांनी नागपूरला जायचं नाव टाकलं. जठराच्या कॅन्सरसाठी तिथल्या दवाखान्यात केमोची पहिली सलाईन झाली होती. अशा आणखी काही घ्यायच्या, गाठ आकसली की ऑपरेशन, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण दुसरी खेप जवळ आली तसे बाबा खाटेवर हटून बसले.

"घरात माणूस मेल्यावर मुंडण करतेत," ते म्हणाले. "माह्यं कोणासाठी झालं? मारायचीच दवा आहे तं तिथं जाऊन कायले घ्यायची?"

भाऊ चिडला, आई रडली. मी शाळेत विज्ञान शिकवते. मलाही बाबांचा राग आला, पण त्यांचा प्रश्न डोक्यातून जाईना. मारायचंच औषध, तर ते कोणाला मारतं आणि कसं?

मी वाचायला बसले आणि अशी रमले की चहा निवून गेला. आपल्या पेशींमध्ये कॅस्पेज नावाची विकरं असतात. मिटून ठेवलेल्या कात्र्याच म्हणा. पेशी बिघडली किंवा तिचं काम संपलं की या कात्र्या उघडतात, पेशीला आतूनच कापून काढतात आणि उरलेले तुकडे इतर पेशी गिळून टाकतात. जठराचं अस्तर असंच मरतं आणि पुन्हा नवं होतं. कॅन्सरच्या पेशींतही कात्र्या बहुतेकदा असतात, फक्त दाबून धरलेल्या. मरायला हवी ती पेशी मरतच नाही, वाढत सुटते. औषध त्या कात्र्या उघडायला लावतं. केसांच्या मुळांशी पेशी भराभर वाढतात, म्हणून त्याही तडाख्यात सापडतात.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. ते "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे आता पुरे.

मग मी आमच्या बांधीत, धानाच्या खाचरात गेले. रोपं लावायचा रोवणा आटोपला होता, धानाच्या रोपांच्या चुडांमधल्या पाण्यात बेडकांची पिल्लं वळवळत होती. पाय फुटलेली पण शेपटी असलेली चार-पाच पकडली, घमेल्यात पाणी आणि मधे एक दगड ठेवून त्यात सोडली आणि वर मच्छरदाणीचा तुकडा बांधून घमेलं खाटेजवळ ठेवलं.

"शाळा घरी आणली का?" बाबा म्हणाले. पण रिकामा बसलेला शेतकरी किती वेळ दुसरीकडे बघणार? दुपारपासून त्यांची मान घमेल्याकडे वळायला लागली.

शेपट्या आखूड होत गेल्या. एकाची पार नाहीशी झाली, तेव्हा बाबा जाळी उचलून पाण्यात बोट फिरवायला लागले.

"काय शोधून राहिले, बाबा?"

"शेपूट. गळून पडली असन ना."

सगळा जन्म बांधीत गेला, तरी शेपूट गळून पडते असंच ते धरून चालले होते. खरं सांगायचं तर आमच्या गावात सगळेच तसं समजतात. मी म्हटलं, "पडत नाही. तिच्या पेशी आपल्याच कात्रीनं मरतात आणि अंगातच जिरतात."

"अन् कात्री चालली नाई तं?"

"तर ही शेपटी तशीच राहील."

त्यांनी जाळी पुन्हा नीट बसवली. मग म्हणाले, "युरिया जास्त झाला तं धान असाच माजते. हिरवागार दिसते, लोंबी भरत नाई." थोड्या वेळानं विचारलं, "दवा माह्या पोटातली कात्री उघडल?"

"काही पेशींत उघडेल. सगळ्यांत उघडेलच, असं मला सांगता येत नाही."

हे ऐकून ते आणखी हटून बसतील, असं मला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी बाबांनी टोपी घातली आणि भावाला पिशवी भरायला सांगितली. नागपूरची गाडी धरायला सौंदडला निघताना त्यांनी घमेल्यात वाकून पाहिलं. एकाच पिल्लाला शेपटी उरली होती.

"बाकीचे सोडून दे. हा राहू दे. मी आल्यावर पाहीन."

सलाईननंतर उलट्या थांबेनात, म्हणून दवाखान्यानं त्यांना ठेवून घेतलं. भावानं फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. आवाज अगदी खोल गेला होता.

"शेपूट गेली का?"

बेडूक दगडावर बसला होता. शेपटीचा मागमूस नव्हता.

"अजून थोडी आहे," मी म्हणाले. आता पाहायला काही उरलं नाही असं कळलं तर हा माणूस तिथंच धीर सोडेल, अशी मला धास्ती वाटत होती.

बाबा परत आले ते भावाच्या खांद्याला धरून. हातपाय धुवायच्या आधी त्यांनी जाळी उचलली, बेडकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"शेपूट आज गेलेली नाई."

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी बेडूक उचलून हळूच अंगणात सोडला. तो दोन उड्यांत वालाच्या वेलाखाली गेला. बाबा टेकत टेकत खाटेवर बसले.

"पुढच्या खेपेले दुसरा आण," ते म्हणाले. "चांगला लांब शेपटीचा पाहून आण."