उजवीकडचा अक्ष

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळत आलो. मुलीने दोनदा विचारलं, तेव्हा विषय बदलला. आता टाळण्यात अर्थ नाही.

निवृत्तीनंतर मी मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो आणि मुलीकडून एक्सेल शिकलो. एकाच चित्रात स्तंभ आणि रेषा दाखवण्याचा आलेख मला सर्वांत आवडला. तो मी आजही न अडखळता काढतो. आकडे निवडायचे, आलेखांच्या प्रकारांतून ‘कॉम्बो’ घ्यायचा, एका मालिकेला स्तंभ द्यायचे आणि दुसरीला रेषा. दोन मालिकांची मापं वेगळी असतील, तर रेषेसमोर ‘सेकंडरी ॲक्सिस’ची खूण करायची. मग रेषेला उजवीकडे स्वतःचा अक्ष मिळतो.

त्या वर्षी इमारतीत पाणी पुरेना. पालिकेच्या मीटरवरचा वापर दर महिन्याला वाढत होता आणि वरच्या मजल्यांवर सकाळी नळ कोरडे. लोक कारण मागत होते, आणि आपण ते देऊ शकतो अशी माझी खात्री होती.

तिसऱ्या मजल्यावर एक वहिनी राहायच्या. नवरा गेल्यावर त्यांनी डब्यांचं काम सुरू केलं होतं, घर त्यावरच चालायचं. मूळच्या मालवणकडच्या, हाताला चव. जिन्यात भेटलो की मी सहज विचारायचो, या महिन्यात रोजचे किती डबे? त्या आनंदाने आकडा सांगायच्या. कुणीतरी आपली चौकशी करतंय याचं त्यांना बरं वाटत असावं. तेच आकडे मी आलेखात घातले.

स्तंभ पाण्याचे, रेषा डब्यांची. आधी दोन्ही एकाच अक्षावर होते, तेव्हा रेषा तळाशी आडवी पडून राहिली, वाढ दिसेचना. मी सेकंडरी ॲक्सिसची खूण केली, तशी ती उठली आणि स्तंभांच्या माथ्यांवरून चढत गेली. उजवा अक्ष शून्यापासून नाही, चाळीसपासून सुरू होत होता. एक्सेलने तो आपोआप तसा धरला होता. चव्वेचाळीसचे बावन्न डबे म्हणजे आठच डब्यांची वाढ, पण चित्रात तो कडा दिसत होता. मला ते कळलं होतं. तरी अक्ष बदलला नाही, कारण चित्र फार छान जमलं होतं.

सभेत मी ते भिंतीवर दाखवलं. “झकास, काका,” पाचव्या मजल्यावरचा एकजण म्हणाला. मग वहिनींकडे वळून, “म्हणजे आमच्या आंघोळीचं पाणी तुमच्या डाळीत जातंय होय?” सगळे हसले. वहिनी भिंतीवरची रेषा बघत राहिल्या. हे आकडे आपणच दिलेत, हे त्यांच्या लक्षात आलं असणार. दसऱ्याच्या आधी त्यांनी डबे बंद केले.

त्याच आठवड्यात टाकी साफ करायला प्लंबर आला आणि मला खाली घेऊन गेला. जमिनीखालच्या टाकीच्या भिंतीला तडा होता आणि पाणी बाजूच्या गटारात झिरपत होतं. त्याने तो बुजवला. मी अहवालात लिहिलं, टाकीची सफाई व किरकोळ दुरुस्ती.

पुढच्या महिन्यात स्तंभ खाली आले, रेषा तर शून्यावरच होती. लोक म्हणाले, काकांनी बरोबर ओळखलं. मी मान डोलावली. तेवढंच केलं, पण ते पुरेसं होतं.

वर्षभरात वहिनी घर भाड्याने देऊन नाहूरला लेकीकडे राहायला गेल्या. पुढे कितीतरी काळाने मी आलेख पुन्हा काढला. उजवा अक्ष शून्यापासून धरला, तशी डबे बंद होईपर्यंतची रेषा जवळजवळ सपाट झाली. मग तडा बुजवला त्या महिन्यावर खूण केली. कागद खिशात घालून नाहूरला गेलो.

त्यांनी कोकम सरबत दिलं, सोसायटीतल्या सगळ्यांची विचारपूस केली. मी खिशात हात घातला, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, “भावजी, त्या वेळी तुमचा काय चुकला नाय. माझ्यामुळे सगळ्यांका पाण्याचो त्रास झालो. तुमी सांगितलात म्हणून माका समाजला.”

इतकी वर्षं त्या हे खरं धरून बसल्या होत्या. मी सरबत संपवलं. छान झालंय म्हणालो. कागद खिशातच राहिला.

पुन्हा जाईन म्हणत राहिलो आणि मागच्या श्रावणात वहिनी गेल्याचं सांगायला त्यांच्या लेकीचा फोन आला. तिलाही मी तेव्हा काही सांगितलं नाही, हे लिहून झालं की आधी तिला वाचायला देणार आहे. पण त्या दिवशी नाहूरला जे बोलायचं होतं, ते एवढंच होतं: वहिनी, टाकीला तडा होता. पाणी तुमच्या स्वयंपाकघरात कधीच जात नव्हतं. मला ते दसऱ्यालाच कळलं होतं आणि मी गप्प बसलो. मला माफ करा.