सेठजींच्या शेताखालचं नगर

आता हसायचं नाही, आधीच सांगतो. शहाणपणानं स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणारा माणूस पाहायचा असेल तर चहा खाली ठेवा आणि माझ्याकडे बघा!

मराठी भाषिकांचं नवं राज्य नुकतंच झालं होतं. मी मारेगावात ड्रॉइंग मास्तर, बायको यवतमाळच्या शाळेत मास्तरीण. आमचा संसार एसटीच्या वेळापत्रकावर चालायचा. यवतमाळला बदली व्हावी म्हणून मी देव पाण्यात घातले होते.

अशात कापसाचे एक बडे सेठजी मला म्हणाले, "मास्तर, माह्या शेतातल्या जुन्या मूर्त्यायचं प्रदर्शन भरवा. मंत्रीसाहेब येऊन राह्यले. राज्य नवं हाये, तं इतिहास जुना पायजे! तुमच्या बदलीचं मी बोलतो त्यायच्यापाशी."

आता मला सांगा, याच सेठजींचे बैल वर्षानुवर्षं त्या कोरीव खांबाला बांधलेले! मूर्तीवर पोती वाळायची! मग एकाएकी एवढी भक्ती कुठून आली? मला चैन पडेना. मूर्ती ट्रकनं शाळेत आणणाऱ्या करीमभाई मेकॅनिकला मी गाठलं.

"करीमभाई, सेठजीले काहून एवढा पुळका आला?"

"अजी मास्तर, इलेक्शन तोंडावर हाये. साहेबाले भाषणाले पुराना जमाना पायजे, सेठले कापसाच्या जिनिंग कारखान्याची परवानगी पायजे. देव बिचारा दोघायच्या मधात! अन् ते जिनिंग कुठं होऊन राह्यलं, मालूम हाये का..."

पण मी कुठला थांबतोय? पाट्या रंगवायच्या होत्या ना!

प्रदर्शनाला ही गर्दी! बाया दारात चपला काढून आत येत, विष्णूला हळदकुंकू वाहत, मुंडकं नसलेल्या नंदीच्या कानात सांगावं तरी कसं म्हणून खोळंबत. मंत्रीसाहेबांनीही चपला काढल्या. सेठजी खूश!

"हे किती जुनं असेल, गुरुजी?" साहेबांनी विचारलं.

मला काय ठाऊक? पण बदली समोर दिसत होती. म्हटलं, "दोन हजार वर्षं तरी, साहेब!"

साहेबांचे डोळे चमकले. झालं, माझी गाडी सुटली. "हे तर काहीच नाही, साहेब! त्या शेताखाली अख्खं नगर गाडलेलं आहे! राजवाडा, बाजार, सगळं! कुदळ मारायचा अवकाश!"

करीमभाई मागून खोकायला लागले. मला वाटलं, धूळ गेली असेल घशात. सेठजी पांढरेफटक पडले. मला वाटलं, गहिवरले.

साहेब गर्दीकडे वळून म्हणाले, "हा आपला ठेवा आहे! तपासणी होईपर्यंत त्या शेतात कुणी एक वीटही रचायची नाही!"

टाळ्यांचा कडकडाट! मीच सर्वांत जोरात वाजवल्या.

सेठजी माझ्या कानाशी आले. "मास्तर, जिनिंग त्याच वावरात होणार होतं ना हो!"

माझे हात जागच्या जागी थिजले. तरी जीव बदलीत अडकलेला. तेवढ्यात साहेबांनीच माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सोबतच्या अधिकाऱ्यांना बजावलं, "असा जाणकार माणूस इथून हलवू नका. त्या शेतावर यांचंच लक्ष राहू द्या."

शनिवारी एसटीनं यवतमाळला गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं. तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "ते तुमचं नगर निंघालं की मले कळवा. तिथंच एखांदी खोली पाहून ठेवा, संसार मांडू!"