उघड्या डोळ्यांची प्रार्थना

आमच्या घरात आत्याला ‘रेडिओ’ म्हणायचे. सकाळी सुरू झाली की झोप लागेपर्यंत बंद नाही, आणि बटण कुठे आहे ते कोणालाच सापडलेलं नव्हतं. तिने मिशनमध्ये जायचं ठरवलं तेव्हा माझे वडील म्हणाले, “जाऊ दे. आपण काय सोसलं ते देवालाही कळू दे.” आजोबा मात्र भडकले. तिच्या हातात शिवणाची भरपूर कामं होती, एक बरं स्थळही सांगून आलं होतं. “चार दिवसांचं खूळ आहे,” ते म्हणाले. आत्याने मशीनवर खोळ घातली आणि गेली. तिला अडवणारा अजून जन्माला यायचा आहे, आणि मला या गोष्टीचा अभिमान आहे.

मिशनने तिला लांबच्या एका गावी पाठवलं. तिथे गिरणीच्या भिंतीला टेकून कामगारांच्या खोल्यांची रांग होती. खोल्या इतक्या अरुंद की दार पुरतं उघडायचं तर आधी खुर्ची उचलून बाहेर ठेवावी लागे. अंथरुणाला खिळलेल्यांना पुसून काढायचं, भरवायचं आणि शेवटी उशाशी उभं राहून प्रार्थना म्हणायची, हे तिचं काम. सोबत एक जोडीदारीण. डोक्याला पांढरा रुमाल बांधायचा. सुरुवातीला उमेदवारी असे, आणि ती संपली की मिशनच्या प्रमुख बाई पारखून कायमची सेविका करत. आत्याला ते हवं होतं. आयुष्यात दुसरं काहीच तिने इतक्या जिवापासून मागितलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात तिच्या वाट्याला एक म्हातारा गवंडी आला. परांचीवरून पडून त्याची कंबर गेली होती, जीभ मात्र शाबूत होती. “देव नको, पाणी दे,” हे त्याचं स्वागत. आत्याने पाणी दिलं आणि प्रार्थनेला उभी राहिली. मिशनचा नियम असा की हात जोडायचे, मान झुकवायची, डोळे घट्ट मिटायचे, आणि काही झालं तरी प्रार्थना अर्ध्यात तोडायची नाही. रेडिओच तो! त्यात देवासमोर लागलेला. तिने त्याच्या कमरेसाठी मागितलं, गिरणीसाठी मागितलं, साऱ्या जगासाठी मागितलं. मध्येच धप्प असा आवाज झाला. शेजारी काहीतरी पडलं असेल, असं समजून तिने प्रार्थना नीट शेवटापर्यंत नेली आणि मग डोळे उघडले. जोडीदारणीनेही तेव्हाच उघडले.

गवंडी खाली फरशीवर होता. कपाळ फुटलं होतं.

“झालं का तुझं?” तो म्हणाला. “मग आता उचल.”

त्या दिवसापासून आत्या प्रार्थनेत डोळे मिटेनाशी झाली. एवढंच नाही, ती बोलेनाशीही झाली, आणि हे आमच्या घरात कोणी शपथेवर सांगितलं तरी पटलं नसतं. आधी विचारायची, मग हात लावायची. चादरीची एक सुरकुती राहिली तरी पाठ सोलते, हे ती त्याच्या पाठीवरून शिकली. जाड कापडाचे लांब लोड शिवून तिने त्याच्या पलंगाच्या दोन्ही कडांना बांधले. प्रार्थना दोन वाक्यांवर आली. तेवढ्या वेळातही गवंडी दोन्ही हातांनी पलंगाची कड आवळून, डोळे वटारून तिच्याकडे बघत राही. “पुन्हा पाडशील,” म्हणे. त्याचं काय चुकलं?

जोडीदारणीने तक्रार केली. उमेदवारी संपताना आत्याला सगळ्यांसमोर उभं केलं. प्रमुख बाई वाईट नव्हत्या. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची दुखणी काढली होती. पण नियमापुढे त्यांना माणूस दिसत नसे.

“प्रार्थनेत डोळे का मिटत नाहीस?”

“आजाऱ्याकडे बघते, बाई.”

“प्रार्थनेत देवाकडे बघायचं असतं.”

“देव कुठे पडतोय? पडतात ती माणसं.”

“हा उद्धटपणा झाला.”

“असेल.”

बाईंनी राग गिळला. “हे बघ, इथे कोणी आजारी नाही. इथे डोळे मिटून एक प्रार्थना म्हण. मी आजच तुला कायम करते.”

यापेक्षा सोपी वाट कोण देतं? मी असते तर मिटले असते. वडीलही पुढे कपाळाला हात लावून म्हणाले, “अगं, पापणी ती! पाडायची नि उचलायची!” पण आत्या म्हणाली, “तेव्हा मिटले ते न कळून. आता कळून कसे मिटू? आज तुमच्यासाठी मिटले तर उद्या तिथेही मिटतील.” आणि तिने दोन वाक्यांची प्रार्थना म्हटली, बाईंच्या तोंडाकडे टक लावून. ही मिटते की नाही हे बघायला बाईंनाही आपले डोळे उघडेच ठेवावे लागले!

रुमाल तिथल्या तिथे काढून घेतला. आत्या फाटकापर्यंत ताठ चालत गेली, आणि फाटकाबाहेर आल्यावर भिंतीला धरून रडली. मग तोंड धुतलं आणि नेहमीच्या रस्त्याने गिरणीकडे गेली. पुढे तिने तिथेच एक खोली घेतली. आजोबांनी एका शब्दाने काही न विचारता मशीन पाठवून दिली. पण त्या दुपारी तिच्याकडे काहीच नव्हतं.

“रुमाल कुठाय?” गवंड्याने विचारलं.

“घेतला काढून.”

“हाकललं?”

“हाकललं.”

“माझ्यापायी?”

“तुमच्यापायी कशाला? माझे डोळे, माझी मर्जी.”

“मग आता कोणी पाठवलं तुला?”

“कोणी नाही. कूस बदलायची वेळ झाली. हात द्या.”

तिने त्याला वळवलं, चादर ताणली, लोड नीट बसवले आणि जायला निघाली.

“आणि ते?” म्हातारा गुरगुरला. “ते राहिलं की.”

आत्याला आधी कळेचना. मग ती उशाशी परत आली, हात जोडले आणि नेहमीसारखी त्याच्याकडे बघत राहिली. गवंड्याने पलंगाची कड सोडली. दोन्ही हात पोटावर ठेवले आणि म्हणाला, “तू बघतेयस ना?”

“बघतेय.”

मग त्याने डोळे मिटले.