गोळीचं सोवळं

एका मंगळवारी डॉक्टरांनी सुधाला सांगितलं, की सकाळी उठल्यावर गोळी घ्यायची आणि त्यानंतर तासभर चहा प्यायचा नाही. आमचं घर त्या दिवशी बदललं.

सुधा माझी बायको. मुलुंडला, पूर्वेला, दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो. ती, मी आणि माझी आई. ऐंशीच्या दशकातलं मुलुंड अजून अर्धं झोपेत असे. आमच्या गॅलरीतून लांबवर मिठागरं दिसत, आणि पहाटे त्यांच्यावर असा एक पांढुरका उजेड असे, की जमीन संपून आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नसे. मी एका छापखान्यात प्रुफं तपासायचो. म्हणजे जगातल्या सगळ्यांच्या चुका मला दिसत. (घरातल्या सोडून.)

सुधा कांजूरमार्गच्या एका कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर होती. तिचा आवाज हीच तिची नोकरी. फोन करणारा कितीही तापलेला असो, तिचा ‘नमस्कार’ ऐकला की निवायचा. मीही असाच एकदा चुकीचा नंबर लागून निवलो होतो. पुढे लग्नच झालं.

त्या वर्षी तो आवाज हळूहळू खाली उतरायला लागला.

“अहो, आज एकाने मला ‘भाईसाब’ म्हटलं,” एका संध्याकाळी ती म्हणाली.

“मग?”

“मग काय? मी म्हटलं, होल्ड करा.”

आणि हे सांगता सांगता ती झोपली! हातात मेथीची जुडी, मांडीवर ताट. ती कुठेही झोपायला लागली होती. कामतवहिनींच्या भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ती उभ्या उभ्या झोपली. ‘सावधान’ झालं तरी सावध झाली नाही, आणि मुठीतल्या अक्षता घरी पर्समध्ये सापडल्या. मे महिन्यात, मुंबईत, ती स्वेटर घालून बसायची. चेहरा सुजला, केस गळायला लागले. शेजारच्या कामतवहिनींनी त्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि अख्ख्या मजल्याला गोड बातमी सांगून टाकली. आईने पेढे आणले. डॉक्टरांकडे जाईपर्यंत ते संपलेही होते. (त्यातले चार मी खाल्ले. बाप होणार म्हणून.)

मला मात्र त्या दिवसांत एक गोष्ट आवडायची. सुधा झोपेतून उठली की स्वप्नं सांगायची, आणि तशी स्वप्नं मी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. एक तर पुन्हा पुन्हा पडायचं. पवईच्या तलावाच्या तळाशी कोणीतरी बसलंय आणि तिथून तिला ट्रंक कॉल लावतंय. बोर्डावर दिवा लागतो, ती वायर खुपसते, पण ऐकू येतं ते नुसतं पाणी.

“कोण असतं गं?” मी विचारायचो.

“कळतच नाही हो. मी ‘नंबर प्लीज’ म्हणते आणि बुडबुडे येतात.”

मी याला काव्य समजत होतो. ते थायरॉइड होतं.

घाटकोपरच्या डॉक्टरीणबाई वयाने मोठ्या, आवाजाने लहान. रक्त तपासून झालं, आणि त्या म्हणाल्या, “गळ्यातली ग्रंथी मंदावलीये. शरीराला जे लागतं ते ती बनवत नाहीये, म्हणून ते गोळीतून द्यायचं. सकाळी उठल्यावर, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. मग तासभर काही नाही. चहासुद्धा नाही. बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही, आणि आपल्या मनाने कमी-जास्त करायची नाही.”

सुधा खुर्चीत डुलक्या घेत होती. मी ऐकत होतो. पण ‘चहासुद्धा नाही’ या शब्दांनी मला इतका धक्का बसला, की बाकीचं कानावरून गेलं. घरी येऊन मी आईला तात्पर्य सांगितलं: “गोळी रिकाम्या पोटी घ्यायची. चहा बंद.”

आई मालवणकडची. बाबा गिरणीत असताना ती मुंबईला आली, पण तिची जीभ कधीच आली नाही. ती म्हणाली, “इंग्लिश गोळी गरम पडता रे. नुसत्या पाण्यावर घेतलान तर पोटात आग पडतली. दुधाबरोबर घेऊ दे तिका.”

“अगं, पण रिकामं पोट...”

“मगे दुधान पोट भरता? एकादशीक दूध चालता मा?”

मी विचार केला. (इथूनच सगळी वाट लागली.) उपासाला दूध चालतं. उपास म्हणजे रिकामं पोट. म्हणजे दूध प्यायलेलं पोट हे रिकामंच पोट! मला त्यात तर्काची चूक दिसेना. उलट अशिक्षित आईने इतका शुद्ध युक्तिवाद करावा याचा अभिमानच वाटला.

दुसऱ्या दिवसापासून सुधा पेलाभर दुधाबरोबर गोळी घ्यायला लागली. एकदा उपासाचं दार उघडलं, की आत काय काय येतं हे मराठी माणसाला सांगायला नको. चार दिवसांनी आईला सुनेची दया आली. म्हणाली, “नुसत्या दुधार चेडू किती वेळ ऱ्हवतला?” मग राजगिऱ्याचा लाडू आला. पुढच्या आठवड्यात खजूर, मग शेंगदाण्याची चिक्की. श्रावण लागला तेव्हा माझी बायको रोज सकाळी दूध, लाडू, चिक्की आणि वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाऊन, अत्यंत रिकाम्या पोटी, गोळी घेत होती!

फरक शून्य. स्वेटर अंगावर, आवाज खर्जात. डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा गेलो.

“गोळी नीट घेताय ना? रिकाम्या पोटी?”

सुधा पेंगत होती म्हणून मीच उत्तर दिलं. “रिकाम्या पोटी म्हणजे काय डॉक्टर! कडक उपास!”

त्यांनी डोस वाढवला. पुढच्या खेपेला आणखी वाढवला. इकडे कारखान्यातल्या साहेबांनी सुधाला बोलावून घेतलं. बोर्डावर आणखी एकदा डोळा लागला, तर गोदामात बसावं लागेल, पोती मोजायला. सुधा घरी आली, स्वेटरची बटणं लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “पोत्यांना आवाज लागत नाही, नाही का?”

मी सांत्वन म्हणून तिला चिक्की दिली.

मग आई गावाला गेली. दसऱ्यापर्यंत येणार नव्हती. दुधाच्या केंद्रावर पहाटे रांग लावायची ती आईच. मला त्या वेळी फक्त अंथरूण कळतं. पहिल्याच सकाळी घरात दूध नाही, खिचडी नाही, लाडवांचा डबा रिकामा. सुधाने पाण्याबरोबर गोळी घेतली आणि गॅलरीत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही.

काही दिवसांनी ती सकाळी उठून म्हणाली, “अहो, केवढं उकडतंय!” आणि मी आनंदाने अंथरुणात उठून बसलो. आवाज तोच होता, चुकीचा नंबर लागलेला! स्वेटर ट्रंकेत गेला. कारखान्यातले लोक फोन करून उगाच ‘नमस्कार’ ऐकून ठेवायला लागले. माझ्या मनात आलं, वा, आई गेली आणि सून सुधारली. (हे मी कोणाला बोललो नाही. आईला गावाला ऐकू गेलं असतं.)

पण गाडी तिथे थांबली नाही. सुधा वेग घ्यायला लागली. मी दात घासेपर्यंत तिची लादी पुसून होई. मी तोंड पुसेपर्यंत ती दुसऱ्यांदा पुसे. एका रविवारी तिने माझी सगळी पुस्तकं खाली काढून उन्हात घातली, झटकली, उंचीप्रमाणे लावली, आवडलं नाही म्हणून रंगाप्रमाणे लावली. मी एका खुर्चीत पुस्तक वाचत बसलो होतो, तर तिने खुर्चीसकट मला सरकवून खालचा कचरा काढला.

“सुधा, जरा बस ना गं.”

“बसलेच आहे की!” ती उभ्याने म्हणाली.

कारखान्यातही तोच प्रकार. लोकांनी तोंड उघडायच्या आत ती नंबर जोडून द्यायची. एकाला अकाउंट्स हवं होतं, त्याला थेट मालक मिळाले. ती झपाट्याने बारीक झाली, आणि एका संध्याकाळी कामतवहिनी रिकामी वाटी घेऊन दारात उभ्या.

“सुधा, किती झकास दिसतेस गं! त्या गोळ्यांनीच ना? मला दे ना चार-पाच. पुढच्या महिन्यात आमच्याकडे साखरपुडा आहे, जरा कंबर कमी होईल.”

“वहिनी, ही काय साखर आहे वाटीने द्यायला?” सुधा म्हणाली. “माझ्या रक्ताप्रमाणे दिलेली गोळी आहे ती. तुमच्या कंबरेला तिचं काय?”

वाटी पुढे करणाऱ्या कामतवहिनींपेक्षा मला सुधाचा हात जास्त दिसला. तो थरथरत होता. वहिनी गेल्यावर ती दाराला टेकली.

“अहो, माझ्या छातीत कोणीतरी पळतंय. बसले तरी पळतंय.”

मी तिच्या मनगटावर बोटं ठेवली. ठोके मोजताच येईनात. मी म्हटलं, “उद्यापासून गोळी बंद! मी बाटली लपवतो.”

“अजिबात नाही. आपल्या मनाने काही करायचं नाही, असं बाई म्हणाल्या होत्या.”

“तू तर झोपली होतीस!”

“झोपेत तेवढंच ऐकलं मी. तुम्ही जागे होतात, तुम्ही काय ऐकलंत? चला, आत्ताच्या आत्ता घाटकोपर.”

डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, छाती तपासली, तिथल्या तिथे हृदयाचा आलेख काढला. तो कागद त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचला. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात सगळ्या देवांना नारळ कबूल केले.

“हृदय ठीक आहे, ठोके फार वाढलेत. डोस जास्त होतोय. पण हाच डोस आधी पुरत नव्हता. मध्ये काय बदललं?”

“काही नाही,” मी म्हणालो.

“सासूबाई गावाला गेल्या,” सुधा म्हणाली.

“त्याने थायरॉइड वाढत नाही. गोळी कशाबरोबर घेता?”

“पाण्याबरोबर. आधी दुधाबरोबर घ्यायचे.”

बाईंनी चष्मा काढला. “दूध कोणी सांगितलं?”

मग मी पुढे झालो, आणि एकादशीपासून राजगिऱ्यापर्यंतचा आमचा सगळा युक्तिवाद क्रमवार मांडला. खिचडीपर्यंत आलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

“तुमच्या देवाला चालत असेल,” त्या त्यांच्या त्या लहान आवाजात म्हणाल्या. “थायरॉइडला चालत नाही. दूध आणि खाणं गोळीला अंगात नीट शिरूच देत नाही. ती लागू पडत नव्हती, म्हणून मी वाढवत गेले. दूध थांबलं आणि वाढवलेली गोळी अख्खी आत गेली.” त्यांनी डोस कमी केला, रक्त पुन्हा तपासायचं ठरवलं, आणि सुधाला सगळं परत सांगितलं. मला बाहेर बसायला सांगितलं.

ठोके उतरले. लादी दिवसातून एकदाच पुसली जायला लागली. तेवढ्यात दसऱ्याला आई परत आली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दुधाचा पेला हजर.

“आई, आता पाण्याबरोबरच घ्यायची म्हणाल्यात बाई,” सुधा म्हणाली.

“तिका काय कळता? रोडावलंस बघ किती!”

मी शास्त्रीय खुलासा करायला तोंड उघडलं. सुधाने ते डोळ्यांनीच मिटवलं आणि आईजवळ जाऊन बसली.

“आई, ह्या गोळीचं सोवळं फार कडक आहे. तुमच्या देवपूजेपेक्षा कडक. घेतल्यावर तासभर दुसऱ्या कशाचा स्पर्श चालत नाही तिला. विटाळते.”

आईचा चेहराच बदलला. “शिरा पडो! ह्या माका आधी कित्याक नाय सांगलास?”

आणि तिने ते सोवळं ताब्यात घेतलं. गोळीची बाटली ओट्याजवळच्या वाफेतून निघून कपाटात गेली. सुधाने गोळी घेतली, की आई स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसायची. तास होईपर्यंत आत कोणी जायचं नाही, स्टोव्ह पेटायचा नाही, दुधाचा वास यायचा नाही. मी एकदा माझ्यापुरता चहा ठेवायला गेलो.

“खय चललंस?”

“आई, गोळी तिला आहे. मला नाही.”

“सोवळा घराक असता. बस थयसर.”

अशा रीतीने ज्याला कसलाही आजार नव्हता, त्याचाही चहा बंद झाला.

मग आम्ही दोघं तो तास गॅलरीत बसून काढायला लागलो. दुसरं काही करण्यासारखंच नव्हतं. मिठागरांवर उजेड पसरत असायचा, आणि सुधा तिच्या त्या जुन्या, पहिल्या आवाजात रात्रीचं स्वप्न सांगायची. तलावाखालचा कॉल पुढेही अधूनमधून यायचा. कोण बोलतंय ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. वर्षं सरली. ती बोर्डावरून सन्मानाने निवृत्त झाली. आई गेली; पाट तिथेच राहिला, आणि तो ओलांडून आत जायचं धाडस मला झालं नाही.

सुधा गेली त्याला आता काही महिने झाले. ती दुसऱ्या आजाराने गेली. थायरॉइड मात्र अगदी उत्तम होतं, असं डॉक्टर मला आवर्जून म्हणाले, आणि मी त्यांचे आभार मानले.

मी सकाळी उठतो, पेलाभर पाणी पितो आणि गॅलरीत बसतो. मला थायरॉइड नाही. चहा मी तासाभराने घेतो.