आबांच्या ओठावरची पुटकुळी

माझे सासरे, आबा, पारोळ्यातल्या आमच्या सगळ्या गल्लीला स्वच्छता शिकवायचे. लेकीनं ससा पाळला, तेव्हापासून तर त्या शिकवणीला ऊतच आला. तिनं त्याला छातीशी धरलं की ओरडलेच, "दूर ठेव! जनावरना रोग मानसले लागस!"

आणि स्वतः? केळं चावून, ओठांत धरून सशाला भरवायचे. घरातली बठ्ठी, झाडून सगळी पोरं त्यांनी अशीच भरवून वाढवली, मग ससा काय वेगळा! एकदा तापातून उठले आणि ओठावर पुटकुळ्यांचा घोस आला. ताप मुतला, म्हणतो आम्ही. ते कोण मनावर घेतं? केळं भरवणं चालूच राहिलं.

थोड्याच दिवसांत ससा लाळ गाळायला लागला, मान वाकडी करून गरगर फिरायला लागला. लेकीला आणि त्याला घेऊन मी धुळ्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, "ताई, घरात कुणाला ताप मुतला होता का? तपासल्याशिवाय नक्की सांगत नाही, पण माणसाचं हे सशाला लागू शकतं. आपलं ओठावर भागतं. त्याच्या मेंदूत जातं."

परतीच्या एसटीत ससा लेकीच्या मांडीवर आचके देत गेला.

आबा दारातच बादली घेऊन उभे. "तुन्हामुयेच मरी गया तो! आते आम्हले बी लावशी!" पोरीला अंगणात उभं करून त्यांनी फिनेलचं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. डोळे चोळत ती किंचाळत होती. मी तिला ओढून नळाखाली धरलं आणि डॉक्टरांचं बोलणं सांगितलं, तर म्हातारा हसला. "मानूसना रोग जनावरले? येडी व्हयनी का तू?" मेल्याचा आला तसा राग मला जन्मात कुणाचा आला नव्हता.

यंदा दिराच्या मुलाचं बारसं झालं. या नातवासाठी आबा जीव टाकत होते. नुकताच ताप येऊन गेलेला, ओठ पुन्हा फुटलेला. भरल्या घरात ते मुका घ्यायला पाळण्यावर वाकले, तशी माझी लेक आडवी आली.

"आबा, दूर व्हा. तुमचं बाळाला लागतं. फिनेल आणू का?"

जाऊ बाळाला उचलून आत गेली. मी पोरीला एक ठेवून द्यावी, म्हणून आबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "बादली अंगणातच आहे गं."