उभं राहायचं काम

माझ्या हातातल्या झांजेवर बाईंनी समोसे मांडले.

बोईसरच्या शाळेचं स्नेहसंमेलन. मी सातवीत. शाळेचा वाद्यवृंद रंगात आलेला आणि सगळ्यात मागे मी, ताटाएवढ्या दोन झांजा घेऊन. अख्ख्या रचनेत माझा ठोका एकच, शेवटी. त्याआधी मनात बेचाळीस वेळा एक-दोन-तीन-चार मोजायचं. महिनाभर पाम गावच्या रस्त्यानं मोजत चालायचो. म्हशी बुजायच्या.

बाई म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांची बायको. पाहुण्यांना समोसे वाटताना ट्रे कमी पडला. विंगेतून त्यांना मी दिसलो.

"तू झाडूवालीचा ना? रिकामाच उभा आहेस. फिरव हे."

मी सव्विसावर होतो. मोजत मोजतच खाली उतरलो. एकतीस. कुणीतरी चटणी मागितली. आकडा गेला.

ठोक्याची जागा येऊन गेल्यावर समजलं. घाबरून दोन्ही झांजा आपटल्या. उरलेले समोसे थेट अध्यक्षांच्या मांडीवर! काय दृश्य होतं! ते झब्बा झटकत म्हणाले, "आणि म्हणे या लोकांच्या रक्तातच ताल असतो."

सभागृह हसलं. मीही हसलो. ते हसणं मला अजून माफ करता आलेलं नाही.

नंतर तेच समोसे आई झाडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू मोजीत होतास ना रं? मना माहीत हाय."

पुढे वीस वर्षं मुंबईच्या मोठ्या वाद्यवृंदात मी हेच केलं. काळा कोट घालून ऐटीत उभा राहिलो, मोजत. एकदा तर दीडशेपर्यंत मोजून लोखंडी त्रिकोणावर एक टिंग! लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोसे कुणी दिले नाहीत.

आता त्याच शाळेत शिकवतो. अध्यक्षांच्या खुर्चीत त्यांचा मुलगा आहे. परवा तो त्याच रचनेच्या तालमीला आला. मागे सातपाटीची एक मुलगी झांजा धरून, ओठ हलवत उभी.

"सर, ही रिकामीच दिसते. खुर्च्या लावायला पाठवा."

तिनं झांजा खाली ठेवल्यासुद्धा. लगेच. मीही तेव्हा असाच निघालो होतो.

मी वादन थांबवलं. "ती काम करतेय. खुर्च्या तुम्ही लावा."

"नोकरी नकोय का, सर?"

"झांजा उचल गं," मी तिला म्हणालो. "चला, पहिल्यापासून."

काल नोटीस आली. माफी मागा. मी उत्तर लिहिलं: मागणार नाही.

संमेलनाला ती मागे उभी राहील, बेचाळीस मोजत. मी विंगेच्या तोंडाशी उभा असेन. तिच्या हातात ज्याला दुसरं काही ठेवायचं असेल, त्यानं आधी मला बाजूला करून दाखवावं.